मोहाखालची चादर

कुणाच्याही घरी गेली की बाई आधी हात पुढे करायची. रामराम नंतर. घरातलं माणूस जे काही करत असेल, तांदूळ निवडत असेल, चिंच फोडत असेल, लसूण सोलत असेल, ते तिला हवं असायचं. "द्या इकडे, बोलता बोलता होईल," म्हणायची आणि मांडी घालून खाली बसायची.

होत काही नसे. तिनं निवडलेल्या तांदळात खडे जसेच्या तसे. तिनं फोडलेल्या चिंचेत अर्धे चिंचोके आत. एकदा तिनं माझ्या घरची तूर पाखडली तर दाणा अंगणात आणि कोंडा सुपात. वनिता, माझी धाकटी सून, बाई फाटकाबाहेर गेली की तेच सूप पुन्हा उचलायची आणि हसत हसत पुन्हा पाखडायची. पण तोवर बोलणं झालेलं असायचं. कुणाची पोरगी शाळेतून उठली, कुणाला पोट राहिलं आणि दवाखान्यात गेली नाही, कुणाचा नवरा हात उचलतो, हे सगळं त्या वाया गेलेल्या तांदळात निघायचं. तुमच्याही गावात अशी एखादी बाई येऊन गेली असेल तर तुम्हाला वेगळं सांगायला नको.

ती कुठल्यातरी संस्थेची होती. बायांचं आणि पोरांचं काम. तिकडची, पश्चिमेची. बोलणं आमच्यापेक्षा साफ. शाळेजवळ एक खोली भाड्यानं घेऊन राहायची. गावातल्या बाया तिला ताई म्हणायच्या, मी बाई म्हणायचो. नाव मी कधी घेतलं नाही आणि इथंही घेत नाही. तिला आवडलं नसतं.

मी ढीवर, मासोळी धरणाऱ्या जातीचा. चौथीतून उठलो, शाळेपेक्षा तलाव जवळ होता म्हणून. अक्षर माझं मोठं आहे आणि हळू येते, पण येते. हे मी कुणाकडून लिहून घेतलेलं नाही.

आमचं गाव चंद्रपूर जिल्ह्यात, नदी ओलांडली की गडचिरोली. एका अंगाला तलाव, बाकी सगळीकडे जंगल. तलावात मासोळी पहिल्यासारखी राहिली नाही. माझी पोरं गडचांदूरला सिमेंटच्या कामाला लागली. त्यांच्या बोटांना जाळ्याची गाठ माहीत नाही आणि त्यांना ती पाहिजेही नाही. बाजारात तयार जाळं मिळते. तरी मी रोज छपरीत बसून जाळं विणायचो. कशासाठी विणता, असं वनितानं एकदा विचारलं होतं. मी तिला म्हटलं, तू चहा कर.

आता मोहाचं सांगतो, कारण त्याशिवाय पुढचं कळायचं नाही. फागुन सरत आला की मोहाचं फूल गळायला लागते. ते पहाटे पडते. उजाडलं की गुरं खातात, हरणं खातात, अस्वल तर रात्रीच येऊन बसते. म्हणून बाया अंधार असतानाच टोपली घेऊन जंगलात शिरतात आणि झाडाखाली वाकून एक एक फूल वेचतात. कोणतं झाड कोणत्या घराचं, हे आमच्याकडे आजे-पणजे ठरवून गेलेले आहेत. वाघ त्याच जंगलात. उभा माणूस त्याला माणूस दिसतो, वाकलेली बाई जनावर दिसते, असं फॉरेस्टचा गार्ड सांगतो. बायांना हे ठाऊक आहे. पण न वाकता मोह कसा वेचायचा, हे गार्डानं सांगितलेलं नाही.

आमच्या आळीतली पार्वता अशीच वाकलेली असताना गेली. तिची टोपली जागेवर उभी होती. मोह सांडलासुद्धा नव्हता. तिच्या मागे तिची सासू, जिला धड दिसत नाही, आणि चंदा नावाची पोरगी. नवरा तेलंगणात मिरची तोडायला गेलेला. तो आला, दिवस केले, पुन्हा गेला.

पार्वता गेल्यावर बाईचं बोलणं कमी झालं. तिनं बायांना विचारून पाहिलं, की मोहाला जाऊ नका असं मी सांगू का. बाया म्हणाल्या, सांग, आणि वर्षाचं तेल-मीठ तूच आणून दे. मग तिला आठवलं, की दूर कुठंतरी लोक झाडाखाली जाळं बांधतात. फूल रात्रभर त्यात पडते. बायांनी ऊन निघाल्यावर सगळ्यांनी मिळून जायचं, जाळं सोडायचं आणि मोह घेऊन यायचं. ना अंधार, ना वाकणं. त्याच मोसमाच्या शेवटी तिनं बाजारातून एक हिरवं जाळं आणून बांधून पाहिलं. दुसऱ्या दिवशी अस्वलानं त्याच्या चिंध्या केल्या. शिवता कुणाला येईना.

म्हणून थंडीत ती माझ्या छपरीत आली. मी विणत होतो. तिनं हात पुढे केला.

"द्या इकडे, भाऊ. बोलता बोलता होईल."

मी जाळं मागे ओढलं. "याले बाईमाणसाचा हात नाई लागत."

तिनं सगळं सांगितलं. पार्वताचं, हिरव्या जाळ्याचं, फाटलं तर शिवायचं कुणी, याचं. दोरा ती आणून देणार होती. मी विणावं आणि बायांना शिकवावं, एवढंच तिचं म्हणणं. मी नाही म्हटलं. तिनं कारण विचारलं, मी तेही सांगितलं.

माझी बुढी, म्हणजे बायको, ढीवराच्या घरी जन्मली, ढीवराच्या घरी आली. मासोळी विकायची ती. बाजारात भांडायची ती, आणि असं भांडायची की व्यापारी तिला पाहून आधीच भाव सांगायचा. पण जाळ्याला तिनं कधी हात लावला नाही. आमच्यात लावत नाहीत. अंगणात जाळं वाळत असलं की ती वळसा घालून जायची. डोक्यावर पाण्याचा हंडा, पोटात पोर, वरून पाऊस, तरी वळसा. आता ती नाही. ती गेल्यावर मी चार बायांच्या हाती जाळं दिलं, तर तिचे ते सगळे वळसे फुकट गेले म्हणायचं काय? हे मी बाईला विचारलं. मला वाटलं होतं ती वाद घालेल. शिकलेली माणसं घालतात.

ती उठली. अंगणात जाळं वाळत होतं. येताना ती सरळ त्याच्यावरून आली होती, तिला काय ठाऊक. जाताना पूर्ण वळसा घालून गेली, कुंपणाला घासत, ओढणी काट्याला अडकली ती सोडवत.

त्यानंतरही ती येत राहिली. जाळ्याचा विषय काढायची नाही. तलावाचं विचारायची, मरळ कशी धरतात ते विचारायची, बुढीचं विचारायची. मी विणत असायचो आणि तिच्या हाताला काही नसायचं. ते तिला जमायचं नाही. ओढणीचं टोक पिळत बसायची. वनिता मग मुद्दाम तिच्यापुढे शेंगांचं टोपलं आणून ठेवायची. ती जाळ्याचं बोलत नाही, याचा मला राग यायचा. बोलली असती तर पुन्हा नाही म्हणता आलं असतं.

फागुन सरत आला. एक दिवस मी पहाटे तलावाकडे निघालो होतो. तलावाच्या पाळीवर, म्हणजे बांधावर, समोरून चंदा येताना दिसली. डोक्यावर टोपली. तिच्या आईचीच, मी ओळखली.

"कुठी जाऊन राह्यली वं?"

"मोहाले."

"वापस जा घरी."

ती थांबली नाही. माझ्या बाजूनं पुढे गेली आणि चालता चालता म्हणाली, "तुमी वेचून देता काय, आबाजी?"

मी वळलो. तिच्या मागं मागं गेलो. वाटेत घरून कुऱ्हाड घेतली. कुऱ्हाडीनं वाघाला काय होते, पण रिकाम्या हातानं कसं जायचं. पार्वताच्या झाडाखाली पोरगी वाकली आणि मी तिच्या पाठीशी जंगलाकडे तोंड करून उभा राहिलो. ती वेचता वेचता पाढे म्हणत होती. मोठ्यानं, वाघानं ऐकावं म्हणून. शाळेत जाणं बंद झालं होतं, पण पाढे पक्के होते. मध्येच मी मान वळवली. तिची पाठ दिसली. इतकीशी पाठ. वरून फुलं गळत होती, टप, टप, जमिनीवर पडत होती आणि तिच्या पाठीवरही पडत होती.

तिथं उभं राहून मला सुचलं. कुणी सुचवलं नाही, हे लिहून ठेवतो. जाळं हे पाण्यासाठी आहे. पाण्यात जाते म्हणून त्याचे नियम. जे कधी पाण्यात जाणारच नाही, ज्याला मासोळी दिसणारच नाही, ते विणलेलं असलं तरी जाळं कसं? ती चादर झाली. चादरीला कुणीही हात लावावा. बुढीनं चादरीला कधी वळसा घातला नव्हता, उलट माझ्या अंगावरची ओढून घ्यायची.

चंदाला घरी सोडलं आणि तसाच बाईच्या खोलीवर गेलो. ती दात घासत होती.

"दोरा आणा," म्हटलं. "पण जाळं नाई म्हणाचं. चादर म्हणाचं. कोणी जाळं म्हणलं, त मी उठून जाईन."

"चादर," ती म्हणाली. एवढंच. हसली नाही. हसली असती तर मी खरंच माघारी फिरलो असतो, आणि हे तिला कळलं असावं.

मी शिकवणार नाही, हेही सांगून टाकलं. मी विणीन, ज्याला पाहायचं त्यानं पाहावं. दुपारी छपरीत बाया जमल्या. वनिता, शेवंता, आणखी आळीतल्या. चंदाची आजी पण आली, जिला दिसत नाही, ती दोरा चाचपत बसली. बाईनं हात पुढे केला. "द्या इकडे."

या वेळी मी दिलं.

जाळ्याची गाठ अशी पाहिजे की ओढली तर आणखी आवळेल. बाईची गाठ ओढली की सुटायची. दिसायला बरोबर, ओढली की गेली. तिनं सोडली, पुन्हा मारली, पुन्हा गेली. मी किती वेळ पाहणार? चुकीची गाठ डोळ्यासमोर असली तर मला जेवण जात नाही. म्हटलं, "अंगठा कुठी आहे तुमचा? अंगठा दाबा, मंग ओढा." मग शेवंताचा अंगठा पाहिला, तोही चुकीचा. मग वनिताचा. दिवस मावळेपर्यंत मी सगळ्यांचे अंगठे दाबून दाखवले होते, आणि तरी मी शिकवत नव्हतो.

शेवंता तोंडाची फटकळ. जाताना म्हणाली, "शिकवत नाई तर एवढं बोलून राह्यले, शिकवलं असतं त काय केलं असतं बापा."

मागून मला वाटायचं, बाई मुद्दाम चुकवत होती की काय, मला बोलतं करायला. पण नाही. तिला खरंच येत नव्हतं. तांदूळ आठवा.

पहिली चादर घाईघाईत तयार झाली आणि पार्वताच्या झाडाखाली बांधली. त्यात चूक झाली, आणि ती ढीवराचीच चूक होती. दुसऱ्या कुणाकडून झाली नसती. जाळ्याला पोट ठेवावं लागते, नाहीतर मासोळी निसटते. माझ्या हातांनी सवयीनं चादरीलाही पोट ठेवलं. सगळी फुलं घरंगळत मध्ये आली, ढीग झाला, ढिगात ऊब धरली. ऊन निघाल्यावर आम्ही पोचलो तर लांबूनच वास. मोह आंबून गेला होता आणि त्याच्यावर माशा घोंघावत होत्या.

"बुढ्यानं भट्टी न लावता दारू काढली," शेवंता म्हणाली. बाया हसून हसून खाली बसल्या. फॉरेस्टचा गार्ड तिकडून चालला होता, त्यानं नाकानं वास घेतला आणि माझ्याकडेच पाहिलं. चंदा पण हसली. आई गेल्यावर ती हसताना मी तेव्हा पहिल्यांदा पाहिली, म्हणून मी कुणाला काही बोललो नाही. नाहीतर बोललो असतो.

बाई पण हसत होती. मग डोळे पुसून चादरीच्या त्या पोटात हात घालून बसली. म्हणाली, "भाऊ, फूल पळून नाही ना जात."

खरं होतं. मासोळी पळते, तिला अडवावं लागते. फूल पडलं की पडलं. त्या दिवशी मी चादर उसवली आणि बाजेसारखी ताणून पुन्हा विणली. घर, म्हणजे दोऱ्यामधलं भोक, बारीक ठेवलं, झिंग्याच्या जाळ्यासारखं. एका कोपऱ्यात बाई विणायला बसली होती आणि तिला उठ म्हणायला कुणाचं तोंड होईना. म्हणून तो कोपरा तिचाच राहिला. सैल, वाकडा, कुठं घर मोठं, कुठं लहान. मी तो उसवायला घेणार होतो. मग वेळ मिळाला नाही. मोसम चालू होता.

चादर ताणली आणि काम जमलं, तशा बाकीच्या झाडांखालीही चादरी बांधल्या. आता बाया उजाडल्यावर निघायच्या, सगळ्या मिळून, मोठमोठ्यानं बोलत, शेवंता कुणाच्या तरी सासूला नावं ठेवत. एवढा आवाज ऐकून वाघच काय, गार्डही वाट सोडून उभा राहायचा. चादर सोडायची, मोह टोपलीत, टोपली डोक्यावर, घरी. अस्वलानं एकदा कोपरा फाडला, तर वनितानं तिथंच झाडाखाली बसून शिवला. चंदाच्या झाडाचा मोह बाया आणून तिच्या आजीला द्यायच्या. चंदा सकाळच्या शाळेत जायला लागली. बाईनं तिला पहिल्या दिवशी हाताला धरून नेलं होतं. दुसऱ्या दिवशी बाई तिच्या दारात गेली, तर ती आधीच निघून गेली होती. हे बाईनं मला येऊन सांगितलं आणि सांगताना माझ्याच दोऱ्याचा गुंता करून ठेवला.

पुढच्या थंडीत माझी छपरी बायांनी भरली. विणायला जागा पुरेना म्हणून अंगणात मांडव घातला. चादरी वाळत घातल्या की बाया त्यांना वळसा घालून जायच्या. मी सांगितलं नव्हतं. चादरीला तो नियम नाही, हे मीच ठरवलं होतं. पण बाई वळसा घालायची, म्हणून सगळ्या घालायला लागल्या.

नदीपलीकडून, गडचिरोलीच्या बाजूनं बाया पाहायला यायच्या. मग मलाच न्यायला लागल्या. एसटीत खिडकीजवळची जागा द्यायच्या. मांडीवर चादर, खिशात बांबूची सुई, असा मी म्हातारपणी गावोगाव हिंडलो. काही गावांत नुसती गोंडी चालायची. माझी भाषा त्यांना येईना, त्यांची मला. मी अंगठा दाखवायचो, त्या अंगठा दाखवायच्या, काम व्हायचं. बाई सोबत असायची. संध्याकाळच्या गाडीनं परत येताना ती झोपायची आणि तिचं डोकं समोरच्या दांडीवर आपटायचं. उठवू नका म्हणायची.

माझ्या पोरांनी जे घेतलं नाही ते मी इतक्या बायांना दिलं. दिलं नाही, त्यांनी पाहिलं. काही असो. त्या दिवसांत सकाळी उठून आज काय करायचं, असं मला एकदाही वाटलं नाही.

अशाच एका गाडीत मी तिला विचारलं होतं, की एवढ्या दूर आल्या काऊन. ती खिडकीबाहेर पाहत होती. म्हणाली, तिची आई नेहमी म्हणायची, हिच्या हाताला काहीच येत नाही, हिचं कसं होणार. "इथं मला तसं कुणी म्हणत नाही, भाऊ."

"म्हणतात," मी म्हटलं. "तुमच्या पाठीमागं म्हणतात. माझी सून रोज म्हणते."

ती इतकी हसली की कंडक्टरनं वळून पाहिलं. हसता हसता डोळ्यांतून पाणी आलं आणि ते काही लवकर थांबलं नाही. मी बाहेर पाहत राहिलो. धानाची कापणी चालू होती.

पुढच्या वर्षीची दिवाळी झाली आणि तिच्या त्याच आईला लकवा मारला. घरी दुसरं कुणी नव्हतं. बाईनं खोलीतलं सामान तसंच ठेवलं, एक पिशवी घेतली. सकाळच्या गाडीला सगळी आळी स्टँडवर आली. पिशवी शेवंतानं धरली होती. चंदानं शाळेचा गणवेश घातला होता, सुट्टी असून.

गाडी दिसली. बाई एकेकीला भेटत माझ्यापर्यंत आली आणि सवयीनं तिनं हात पुढे केला. माझ्या हातात काहीच नव्हतं. रोज असायचं, त्या दिवशी मी रिकामाच आलो होतो. तिचा हात तसाच राहिला क्षणभर. मग तिनं तो मागे घेऊन ओढणी सारखी केली.

"मोह पडायच्या आधी येते, भाऊ."

"या," म्हटलं.

मोह पडला. ती आली नाही. एका सकाळी आम्ही झाडाखाली असताना वनिताच्या मोबाइलवर बाईचा फोन आला. भाऊंना द्या म्हणाली. मी कानाला लावला.

"मोह पडून राह्यला काय, भाऊ?"

आमच्याकडे होती तोवर तिचं बोलणं तिकडचंच होतं. तिकडे गेल्यावर ती आमच्यासारखी बोलायला लागली. ऊन निघालं होतं, तरी एखादं एखादं फूल अजून गळत होतं. मी मोबाइल चादरीजवळ धरला. टप. मग बराच वेळ काही नाही. मग टप. पुन्हा कानाला लावला तर तिचा श्वास ऐकू येत होता. मागून एका म्हातारीचा अर्धवट आवाज आला, शब्द नसलेला. "आले," बाई म्हणाली. तिला म्हणाली, मला नाही.

मग मला म्हणाली, "येते, भाऊ."

"या," म्हटलं. कधी, असं तिनं सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही.

नंतर फोन कमी झाले. शाळेजवळच्या खोलीत आता संस्थेची दुसरी मुलगी राहते. चांगली आहे. कामाची आहे. चादरींचे फोटो काढते आणि सगळ्यांना नावानं ओळखते. घरी आली की खुर्चीवर बसते, आणि बसायलाच पाहिजे, आम्हीच देतो. चंदा आता हॉस्टेलला असते. बाया माझ्याशिवाय विणतात, माझ्यापेक्षा लवकर विणतात. शेवंता तर नदीपलीकडे जाऊन शिकवून येते, आणि शिकवते असं उघड सांगते.

यंदा मोसमाच्या आधी सगळ्या चादरी अंगणात काढल्या. कुठं उसवलं, कुठं फाटलं, ते पाहायला. पार्वताच्या झाडाची चादर माझ्या मांडीवर होती. बाकी सगळी शाबूत. बाईचा कोपरा मात्र सुटत चालला होता. गाठी सरकल्या होत्या आणि घरं इतकी मोठी झाली होती की त्यातून मूठ जावी.

वनिता समोर येऊन बसली. तिनं कोपरा पाहिला आणि हात पुढे केला.

"हे पूर्ण सुटून राह्यलं, मामाजी. द्या इकडे, बोलता बोलता होईल."

मी चादर मागे ओढली.

"याले हात नाई लावाचा."

तिनं माझ्याकडे पाहिलं. मग कोपऱ्याकडे. मग उठली आणि चादरीला वळसा घालून आत गेली. थोड्या वेळानं चहा आणून ठेवला.

चादर तशीच बांधली. मोह पडतो तेव्हा सगळीकडची फुलं वर राहतात आणि त्या एका कोपऱ्यातली खाली जातात. उजाडल्यावर बाया चादर सोडतात, टोपल्या भरतात आणि वाटेला लागतात. मी मागे राहतो. त्या कोपऱ्याखाली वाकून पडलेली फुलं एक एक वेचतो. वेळ लागतो, कंबर आता साथ देत नाही. तोवर वनिता कुऱ्हाड घेऊन, जंगलाकडे तोंड करून, माझ्या पाठीशी उभी असते.